समुद्राला बांध घालायला गेलेले उकंडराव

कामरगावात बांध म्हटला की उकंडराव तायडे. बांधबंदिस्तीच्या कामांवर त्यांनी उभं आयुष्य मुकादमकी केली, आणि पाण्यातलं आपल्यापेक्षा जास्त कोणाला कळत असेल हे त्यांना आजवर पटलेलं नाही. "पानी वरून खाली येते. आडवा बांध घाला, थांबते," एवढं त्यांचं शास्त्र. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण त्यानं काही अडेल असं त्यांना वाटत नव्हतं.

त्यांची मुलगी मंजुषा इंजिनियर झाली आणि नोकरीला गेली ती थेट कोचीला. बंदराकाठची जुनी घरं चढत्या समुद्रापासून वाचवायचं तिचं काम. "बुडनारं गाव बुडू द्या ना. आपली पोट्टी कायले तिथं पाय भिजवून राह्यली?" असं उकंडराव हॉटेलात चारचौघांत विचारत. अशात गावाजवळच्याच मंगरूळपीरच्या एका कार्यालयात तिची निवड झाली. आठवड्यात होकार कळवायचा होता आणि बाईसाहेब फोनवर नुसतं "बघते" म्हणत होत्या. उकंडरावांनी पोरगी येतेय असं गावभर सांगून टाकलं आणि तिला आणायला निघाले. सोबत तुरीची डाळ आणि वावरातल्या काळ्या मातीचं अर्धं पोतं.

"माती कायले?" विमलबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"तिच्या घरात पानी येते म्हने. चार दिवस राहाचं हाय, तं बांध घालून घेतो."

विमलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

कोचीत मंजुषा एका म्हाताऱ्या घरमालकिणीकडे तळमजल्यावरच्या खोलीत राहत होती. भरतीला पाणी गल्लीत चढे, ओहोटीला उतरे. दुसऱ्या सकाळी ती कामावर गेल्याबरोबर उकंडरावांनी माती भिजवली, तुडवली, उंबरठ्यावर गुडघाभर बांध घातला, मोरीवर हातपाय धुतले आणि खाटेवर बसून समुद्राची वाट पाहू लागले.

समुद्र आला. बांधाला टेकला आणि थांबला. उकंडरावांनी मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात मागे मोरी गुडगुडली. पाणी मोरीतून वर आलं, मग फरशीच्या सांध्यांतून झिरपलं, आणि बघता बघता खोलीत घोटाभर साचलं. खालून वर येणारं पाणी त्यांच्या शास्त्रात नव्हतं. पुढे ओहोटी लागली, गल्ली कोरडी झाली, पण खोलीतलं पाणी काही हलेना. मोरी त्यांच्याच चिखलानं तुंबली होती आणि दारात बांध होता. बांध उकंडरावांचा, तो कशाला फुटतोय!

मंजुषा परतली तेव्हा बाबा खाटेवर मांडी घालून, चपला मांडीवर घेऊन बसलेले. घरमालकीण दाराबाहेर हसून हसून वाकली होती. मंजुषानं फावड्यानं बांध फोडला. मग म्हातारी झाडू घेऊन आली आणि दोघी सवयीनं पाणी बाहेर लोटू लागल्या. लोटता लोटता म्हातारीनं मंजुषाला काहीतरी विचारलं.

"काय म्हनते ते?" उकंडरावांनी विचारलं.

"मी गेल्यावर या गल्लीचं कसं, म्हनते. नाल्याच्या तोंडाशी झडप बसवली का भरतीचं पानी आत घुसत नाही. इथली झडप अजून बसवाची हाय." मंजुषानं झाडू थांबवला. "पन तुमाले तिकडं एकटं वाटते, मले समजते, बाबा. तुमी म्हनत असान तं मी येते. उद्याच निघू."

हेच ऐकायला ते एवढ्या लांब आले होते. नुसतं हो म्हणायचं बाकी होतं. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. तिच्या भिंतींचा रंग कमरेपर्यंत मिठानं खाल्ला होता, आणि ती पोरीच्या तोंडाकडे बघत होती.

"काम अर्धं टाकून येत असतेत काय?" उकंडराव खेकसले. "तुले हेच शिकवलं का म्या?"

बोलून गेले, आणि खाटेवरून उतरून त्यांनी म्हातारीच्या हातातला झाडू घेतला.

कामरगावला ते एकटेच उतरले. विमलबाई दारातच उभ्या होत्या. उकंडरावांनी भरती, ओहोटी, झडप असं लांबण लावलं, पण विमलबाईंनी ते मध्येच तोडलं.

"म्हंजे नाही आली."

"येत होती. मीच नको म्हटलं."

"वा रे मुकादम! गावभर बांध घालत हिंडले, घरची एक पोट्टी आनता नाही आली."

उकंडराव भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "लय आठवन येऊन राह्यली वं तिची."