माझ्या मापाची मेणबत्ती

आमच्या कोर्चेव गावात द्वोशामावशी कबरी मोजायची. आम्हा ज्यूंचा योम किप्पुरचा मोठा उपास जवळ आला की सुताचा गुंडा घेऊन ती दफनभूमीत शिरायची, कबरीच्या उशापासून पायथ्यापर्यंत सूत धरायची आणि त्याच सुताची वात वळून मेणात बुडवायची. ज्याच्या कबरीचं सूत, त्याच्या नावाची मेणबत्ती. ती उपासभर प्रार्थनाघरात जळायची.

बाई बुटकी, विधवा, मूलबाळ नाही. नाकात सदा तपकीर आणि जिभेला हाड नाही. मोजता मोजता मेलेल्यांना गावच्या बातम्या द्यायची. "ऐक गं, तुझ्या सुनेला जुळं झालं. दोन्ही तुझ्यासारखीच रडकी." आम्ही पोरी कुंपणाआडून खिदळायचो.

मी चौदा वर्षांची होते. नदीवर कपडे धुताना तहान लागली आणि ओंजळभर पाणी प्याले, आशीर्वाद न म्हणता. आमच्यात पाण्याच्या घोटालाही देवाचं नाव घ्यावं लागतं, पण घसा सुकल्यावर ते कुणाला सुचतंय. दुसऱ्या सकाळी माझ्या तोंडून पुरुषाचा आवाज आला. घोगरा, पडसं भरलेला, वर गाडीवानाच्या शिव्या. आईच्या हातातलं पातेलं खाली पडलं. दुपारपर्यंत गावभर झालं की ब्रायनाच्या अंगात दिबुक शिरला, कुणातरी मेलेल्याचा भटका जीव.

अशावर उपाय ठरलेला. दहा पुरुष जमवायचे, शिंगं फुंकायची, शाप देऊन त्याला हाकलायचं. पण हाकललेला जीव कुठून निघेल याचा नेम नसतो. पायाच्या करंगळीतून गेला तर नशीब. शेजारच्या गावातल्या मुलीच्या गळ्यातून गेला आणि ती पुन्हा कधी बोलली नाही.

"रब्बी, माझ्या पोरीचा आवाज वाचवा," आई म्हणाली.

रब्बी, आमचे धर्मगुरू, भला माणूस. दहाजण अंगणात उभे होते, तरी शिंग फुंकू देईनात. "मलाही तीच धास्ती आहे. नाव कळलं तर त्याची समजूत घालता येईल, पण हा नुसता शिव्या देतोय. द्वोशाला बोलवा. मेलेल्यांशी तिच्याइतकं कोण बोलतं?"

मावशी आली, तिवई ओढून माझ्यासमोर बसली.

"काय रे, पोरीच्या अंगात शिरताना लाज नाही वाटली?"

"थंडी वाजत होती," माझ्या तोंडून तो म्हणाला.

"मग बैलाच्या अंगात शिरायचंस."

"बैलाशी बोलायला कोण येतं?"

मावशी हसली. रब्बीही दाढीआड हसले, असं आई सांगायची.

"तुझी कबर कशी नाही मोजली मी? कुठाय?"

त्यानं नाक ओढलं. मग म्हणाला, "कबर नाही. नदीवरचा बर्फ फुटला. घोडा, गाडी, मी, सगळे आत. घोडा सापडला. मालक त्याच्यासाठी रडला."

"नाव सांग. बिननावाची वात मी वळत नाही."

"झेलिक," तो हळूच म्हणाला. "खायाचा मुलगा. आईचं नाव खाया."

"पण द्वोशा, कबरच नाही, तर मोजणार काय?" रब्बींनी विचारलं.

"सध्या राहतोय कुठं तो?" मावशी म्हणाली आणि मला बाकावर आडवं करून डोक्यापासून टाचेपर्यंत सूत धरलं.

आई धावली. जिवंत माणसाला आडवं करून मोजणं म्हणजे मरणाला बोलावणं. "अगं, पोरीला काय मोजतेस!"

"पोरीला नाही गं, त्याला मोजतेय. ब्रायना, तू जरा बाजूला सरक."

तिथंच बसून तिनं वात वळली. "ही झेलिकची, खायाच्या मुलाची. त्याच्यासाठी कुणी रडलं नाही, म्हणून मी रडते." आणि ती खरंच रडली. मेणबत्ती पेटली. दहाजण आत आले, रब्बींनी मृतांसाठीची प्रार्थना म्हटली, सगळे आमेन म्हणाले. माझ्या डाव्या पायाच्या करंगळीत सुई टोचल्यासारखं झालं, रक्ताचा थेंब आला आणि खिडकीची काच तडकली.

"आई, भूक लागलीय," मी म्हणाले. आवाज माझा होता.

त्या आवाजानं मी बाजारात घासाघीस केली, नवऱ्याशी भांडले, चार पोरांना अंगाई म्हटली. माझा शब्द न् शब्द त्या बाईचा आहे. हे उपकार फिटायचे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत, असेच राहू देत.

दर उपासाआधी मावशी आमच्याकडे यायची. "चल, आडवी हो. झेलिक वाट बघतोय." मी वाढले तशी त्याची मेणबत्तीही वाढली.

मावशी गेली तेव्हा सूत मी हाती घेतलं. पहिली कबर तिची मोजते, गावच्या बातम्या सांगते. पण बुटक्या बाईची कबर आखूड, वात तोकडी, मेणबत्ती लहान. दरवर्षी उपास संपायच्या आत ती विझायची. मला ते फार लागायचं.

आता मी म्हातारी झालेय, पाठीत वाकलेय. गेल्या वर्षी मुलीनं झेलिकसाठी जुन्याच मापाचं सूत कापलं आणि माझ्या अंगावर धरलं.

"आई, उरलं की गं. वीतभर."

ते मी मावशीच्या वातीत वळलं. त्या वर्षी तिची मेणबत्ती उपास सुटेपर्यंत जळली.