शुभ सकाळचे पाय

“आमी कुठं काय म्हणलं?” असं म्हणून मावशी दोन्ही तळहात उघडून दाखवायच्या, जणू समोरचा त्यांची झडतीच घेतोय. हात रिकामे, चेहरा त्याहून रिकामा. असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. नीट बघा, ते हात उघडून दाखवतं तेव्हा करायचं ते आधीच करून बसलेलं असतं.

मावशी आमच्या कचेरीत रोजंदारीवर शिपाई होत्या. परभणीकडचं एक तालुक्याचं गाव, तिथली पेन्शनवाल्यांची कामं करणारी कचेरी. गावाचं नाव सांगत नाही. नात म्हणते, आजी, आता तरी गप बस. मी तिथं मुख्य कारकून. वय पन्नाशीच्या पुढचं, म्हणजे आता बघता तरणीताठीच. अक्कल मात्र अजून दुधाच्या दातांची.

तेव्हाचा माझा रुबाब काय सांगू! येणाऱ्या लोकांना बसायला म्हणून बारा नव्या खुर्च्या आल्या होत्या. मी त्या प्लास्टिकच्या वेष्टणासकट आतल्या खोलीत कुलूपबंद केल्या आणि चावी कमरेला लावली. वर्षातून एकदा तपासणी होते, तेव्हा बाहेर काढू. कशा कोऱ्या करकरीत दिसतील! लोक बसले तर जुन्या होणार नाहीत का? हे मी साहेबांना मान ताठ करून सांगितलं होतं. साहेब नवे होते, त्यांना पटलंही.

म्हणजे खुर्च्या आत बसलेल्या आणि म्हातारी माणसं व्हरांड्यात उभी. आपण जिवंत आहोत हे दाखवायला आलेली.

मग साहेबांनी कचेरीचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनाही त्यात घेतलं. नियम असा, की कामावर पोचल्यावर प्रत्येकानं ग्रुपवर ‘शुभ सकाळ’ टाकायचं. तीच हजेरी. झालं, रोज गुलाब, समया आणि उगवते सूर्य यायला लागले. मी कमळात बसलेला हंस टाकायची.

मावशींच्या लेकीनं त्यांना आपला जुना फोन दिला आणि त्यांचीही पहिली शुभ सकाळ आली. वर दोन पाय. भेगाळलेल्या टाचा, घोट्यापर्यंत काळ्या मातीची धूळ. पार्श्वभूमीला आमच्याच व्हरांड्याची फरशी.

मी त्यांना बोलावून घेतलं. “मावशी, हे काय टाकलंत?”

“शुभ सकाळ.”

“पाय कुणाचे?”

“सकाळी जे पह्यलं उभं व्हतं, त्या बाबाचे. इचारून काढला फोटू. त्ये म्हणले, काढ की, पायावर काय माझं नाव लिव्हलंय?”

“पण कशासाठी?”

तळहात उघडले. “आमी कुठं काय म्हणलं, मॅडम?”

दुसऱ्या दिवशी दुसरे पाय. एकदा नुसता एकच पाय, शेजारी काठी. चेहरा कधीच नाही, तक्रारीचा एक शब्द नाही, खाली फक्त शुभ सकाळ. हळूहळू कचेरीतली माणसं हंस सोडून पायच बघू लागली. “अरे, ही काठी तर सोमवारीही होती!” असं म्हणत आमचे एक कारकून उठले आणि काठीवाल्याचं काम हातोहात करून आले. साहेबही एकदा माझ्या टेबलाशी घुटमळले. “मॅडम, दोन खुर्च्या बाहेर दिल्या तर?”

“साहेब, प्लास्टिक फाटंल,” मी म्हणाले. खरंच असं म्हणाले हो.

मी ग्रुपवर सूचना टाकली: अनावश्यक छायाचित्रे टाकू नयेत. त्यावर सगळ्यात आधी मावशींनीच हात जोडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय.

मग मात्र मी इरेला पेटले. मावशींना दर काही महिन्यांनी मुदतवाढ मिळायची आणि तो कागद माझ्याच टेबलावरून जायचा. त्यांच्या घरात कमावतं दुसरं कुणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी मसुदा केला: शिस्तभंगाबाबत खुलासा घ्यावा, तोवर मुदतवाढ देऊ नये. अक्षर तर असं वळणदार काढलं, की माझं मलाच कौतुक वाटलं. साहेब आले की सही घ्यायची, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. शुभ सकाळ. सुजलेले पाय आणि पायात तपकिरी चपला. डाव्या चपलेचा अंगठा हिरव्या दोऱ्यानं शिवलेला.

तो दोरा माझा होता. चपलाही माझ्याच. जुन्या झाल्या म्हणून मी त्या मोठ्या मनानं सासूबाईंना दिल्या होत्या.

मी बाहेर धावले. माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर सासूबाई भिंतीला टेकून उभ्या. वालूरहून, धाकट्या दिरांकडून, पहिल्या एसटीनं हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या.

“आत्या, आत का नाही आलात?”

“तूच म्हणलीस ना, कचेरीत वळख दावायची न्हाई म्हणून. तू लय कामात दिसलीस.”

मी मावशींकडं वळले. “तुम्हाला ठाऊक होतं?”

तळहात उघडले.  पुढचं ऐकायला मी थांबले नाही.

कुलूप काढलं. प्लास्टिक नखांनी फाडलं. आवाज असा झाला, की साहेब दारातच थबकले. वेष्टणावरची धूळ खुर्चीवर सांडली आणि हाताशी फडकं नव्हतं. हातात मसुदा होता. त्यानंच पुसली. सासूबाई बसल्या, तेव्हा मावशींनी दुसरी खुर्ची ओढली. “पुसाया कागद अजून हाय का, मॅडम?”

मुदतवाढीचा कागद मी त्याच दिवशी लिहिला. तितक्या वळणदार अक्षरात मात्र नाही. पुढं तपासणीला मोठे साहेब आले ते व्हरांड्यातच थांबले. बाराही खुर्च्या भरलेल्या. “पायांची कचेरी हीच का?” त्यांनी विचारलं. मावशी चहाचा ट्रे धरून उभ्या होत्या. हात मोकळे नव्हते, नाहीतर उघडून दाखवलेच असते.

वय झालं तशा मावशी काम सोडून येलदरी धरणाकडं लेकीच्या घरी गेल्या. जाताना आपल्या आपण ग्रुपमधून बाहेर पडल्या. मग ग्रुपवर पुन्हा गुलाब फुलले.

यंदा माझ्याच हयातीच्या दाखल्यासाठी मी तिथं गेले होते. कुणी ओळखलं नाही. खुर्ची मात्र मिळाली. कड उडालेली, बूड झिजून गुळगुळीत झालेलं. मी बुटकी, पाय फरशीला टेकेनात. हलवत बसले लहान पोरीसारखी. मग फोन काढला, त्या लोंबत्या पायांचा फोटो घेतला आणि मावशींना पाठवला. खाली लिहिलं, शुभ सकाळ.

दुपारचे तीन वाजले होते.

माझ्या नावाचा पुकारा झाला तेव्हाच उत्तर आलं. धरणाच्या काठचं हिरवं पाणी आणि त्यात घोट्यापर्यंत बुडवलेले दोन पाय. आजवर इतरांचेच काढले, स्वतःचे मावशींनी पहिल्यांदाच धाडले होते.

“आजी, चला ना,” खिडकीतून नव्या कारकुनाचा आवाज आला.

“थांब रे बाबा,” मी म्हणाले, “अजून जिवंतच आहे मी.”