सराव परीक्षेचे अठ्ठावीस मार्क

"अठ्ठावीस," सर म्हणाले आणि माझा पेपर दोन बोटांत धरून वर उचलला.

मार्क वाचले की आपण उभं राहायचं, ही त्या क्लासची रीत. मी उभी राहिले. पेपर घ्यायला हात पुढे केला. सरांनी पेपर गठ्ठ्याच्या खाली सरकवला.

"तुला कशाला हवा पेपर? तुमच्या लोकांना अठ्ठावीससुद्धा पुष्कळ होतात. बस खाली."

पोरं हसली. मोठ्याने नाही. सभ्य घरची पोरं होती ती. मान खाली घालून, खांदे हलवत हसली. माझा हात तसाच पुढे राहिला होता. तो मागे कसा घ्यायचा तेच मला कळेना.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही नागपुरात इंदोऱ्याकडच्या वस्तीत राहत होतो. बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात मशीनवर होते. माय घरी बिड्या वळायची. सरांचा क्लास धंतोलीत, त्यांच्याच घराच्या माडीवर. मला डॉक्टर व्हायचं होतं. हे मी कुणाला सांगत नसे. सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघत आणि मग माझ्या चपलांकडे. एका मेडिकल कॉलेजची स्वतःची प्रवेश परीक्षा असायची. चार उत्तरं दिलेली, त्यातल्या एकावर खूण करायची. सर तिची तयारी करून घ्यायचे आणि दर महिन्याला सराव परीक्षा ठेवायचे.

मार्कांप्रमाणे बसायची जागा. पुढच्या बाकांना पेपर परत मिळायचा. त्यांच्या चुका सर एकेक करून समजावायचे. आम्ही शेवटच्या बाकावरचे. आम्हाला नुसता आकडा मिळायचा. कुठे चुकलं, काय चुकलं, काही नाही. तो आकडा घेऊन घरी जायचं आणि त्याच्याकडे बघत बसायचं.

मला खरंच कळत नव्हतं. शंभरातला एकही प्रश्न मी सोडला नव्हता. कधीच सोडत नसे. शाळेत गुरुजी सांगायचे, कोरं सोडू नका, काहीतरी लिहा, अर्धा मार्क तरी पडेल. बाबाही तेच सांगायचे. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांच्या बापाला कुणी पाटीला हात लावू दिला नव्हता. आमच्या घरात कागद कोरा ठेवणं म्हणजे वाढलेलं ताट लाथाडणं. मी परीक्षेला निघाले की बाबा सायकल पुसता पुसता म्हणायचे, "कोरं नको ठेवजो माय. येत नसलं तरी लिवजो." म्हणून मी लिहीत आले. येतं त्यावर खूण. येत नाही त्यावरही खूण.

मग सरांनी पालकांना बोलावलं. फॉर्म भरायचे दिवस आले होते. कुणाच्या मार्कांत काय बसतं, कुणी कुठे अर्ज करायचा, हे ते प्रत्येकाच्या आईवडिलांना सांगणार होते. बाबांनी रजा टाकली. पांढरा शर्ट घातला. तो ते फक्त धम्मदीक्षेच्या दिवशी घालत.

दिवाणखान्यात बाकीचे पालक चहा घेत बसले होते. बाबा दाराशी, चपलांजवळ उभे राहिले. कुणी बसू नका म्हटलं नव्हतं. बसा असंही म्हटलं नव्हतं. आमचा नंबर सगळ्यांत शेवटी आला, तेव्हा कपबश्या उचलून झाल्या होत्या.

"हे बघा," सर म्हणाले. आवाज अगदी मायेचा. "ॲडमिशन काय, कोट्यातून होईलही कुठेतरी. पण झेपायला हवं ना? मधेच सोडलं तर एका चांगल्या मुलाची सीट वाया जाते. नर्सिंगला टाका तिला. लवकर कमावती होईल."

बाबांनी हात जोडले. "तुमी म्हनता तसं, सर."

मी त्या हातांकडे बघत राहिले. दीक्षा घेतली त्या वर्षी बाबांनी याच हातांनी घरातले देव टोपलीत भरले होते आणि नाग नदीत सोडून आले होते. आता लाचारीनं कुणापुढे जोडायचे नाहीत, असं म्हणून. दर वर्षी ही गोष्ट ते आम्हाला सांगत. आणि ते हात माझ्या अठ्ठावीस मार्कांपायी जोडले गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना बाबांनी मला सायकलवर बसवलं नाही. सायकल हातात धरून चालत राहिले. "सर शिकेल-सवरेल मानूस हाय," म्हणाले. "आपल्याले काय समजते त्यातलं? नर्स काई वाईट नसते."

खरंच नसते. माझी मामेबहीण नर्स होती. तिच्या हातून वस्तीतल्या कितीतरी बायका सुखरूप मोकळ्या झाल्या. पण तिनं ते स्वतः निवडलं होतं. माझ्यासाठी सरांनी निवडलं, तेही माझा पेपर मला न दाखवता.

त्यानंतरचे दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत. पुस्तक उघडलं की अठ्ठावीस. हळूहळू वाटायला लागलं की सर खरंच बोलतात. आपलं डोकंच तसलं. आपल्या रक्तातच नाही. असलं मी स्वतःला म्हणत होते आणि हे शब्द कुणाचे आहेत हेही मला ओळखू येत नव्हतं. सगळ्यांत वाईट हेच. बाबांनी नर्सिंगचा फॉर्म आणला. माझा फोटो काढून आणला. मी फोटोसाठी केस विंचरून बसले होते.

तरी क्लासला जात होते. सवयीनं. एक दिवस जिन्यात वैशाली भेटली. दुसऱ्या बाकावरची. आमचं फारसं बोलणं नव्हतं. तिनं सहजच विचारलं, "तू सगळ्यावर टिक का करतेस गं? पेपर गोळा करताना दिसलं मला. येत नाही ते सोडून द्यायचं ना."

"सोडायचं?"

"अगं, एक चुकलं की अर्धा मार्क कापतात. बरोबर आलेल्यातून. सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलंय. सत्यनारायणाला आम्हाला घरी बोलावलं होतं ना, तेव्हा." मग ती थांबली. "तुम्ही नव्हता का?"

आम्ही नव्हतो. शेवटच्या बाकावरच्या कुणालाच बोलावणं नव्हतं. पूजेचं मला काही नाही. आमच्या घरून सत्यनारायण केव्हाच गेला होता. पण तिथे प्रसादाबरोबर परीक्षेचा नियमही वाटला गेला होता. वैशालीच्या मनात काही नव्हतं. तिला वाटत होतं, हे सगळ्यांनाच माहीत असतं.

घरी आले. माय सुपात तेंदूपत्ता घेऊन बसली होती. मी तिला सांगितलं.

"म्हंजे खोटं निघालं तं चांगल्यातूनबी कापते?"

"हो."

"मंग हे तं छाट झाली वं."

छाट म्हणजे ठेकेदाराचा माणूस खराब म्हणून बाजूला काढतो त्या बिड्या. त्या जातातच, वर त्यांच्या बदली चांगल्या भरून द्याव्या लागतात.

"मलेबी पयले कोनी सांगतलं नोतं," माय म्हणाली. तिचे हात चालूच होते. "रडत घरी आली होती मी. आता म्हनते, छाट काढाची तं माह्या डोयासमोर काढ. टोपलं सोडून उठत नाई मी. तुनं पायला का तुहा पेपर?"

"नाई."

"काहून नाई?"

काहून नाही? माझा होता, तरी मी मागितला नव्हता. हात पुढे केला, त्यांनी बस म्हटलं आणि मी बसले.

पुढच्या तासाला सर फळ्याकडे वळले तशी मी उभी राहिले.

"सर, माझा पेपर द्या."

"झालं ते आता. बस."

"पेपर माझा आहे. मी बसणार नाही."

सर आधी हसले. मग चिडले. "बाहेर हो," म्हणाले. मी गेले नाही. "यांना घरात घेतलं की हे असं होतं," ते पोरांना म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही. मी उभीच होते. मी बसेना आणि त्यांना शिकवता येईना. शेवटी त्यांनी कपाट उघडलं, गठ्ठा उपसला आणि पेपर माझ्या दिशेनं भिरकावला. तो जमिनीवर पडला. मी वाकून उचलला. वाकायची लाज वाटली नाही. पिशवी घेतली आणि माडी उतरले. त्या माडीवर मी परत कधी चढले नाही.

जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून पेपर तपासला. मला खात्रीनं येत होतं ते जवळपास सगळं बरोबर होतं. तेवढंच लिहिलं असतं तर चाळीसच्या घरात गेले असते. पहिला बाक नाहीच. खोटं कशाला सांगू? पण हसणाऱ्यांतल्या अर्ध्याअधिकांच्या पुढे. बाकीचे मार्क मी नुसत्या खुणा करकरून हातानं घालवले होते. प्रकाशाचा धडा पार गेलेला होता. सेंद्रिय रसायनही. हे मला पहिल्यांदा कळलं. एवढं कळायला मला इतके महिने लागले, कारण कुणीतरी माझा पेपर गठ्ठ्याखाली ठेवला होता. मी रडले. रागानं रडले.

घरी बाबा नर्सिंगचा फॉर्म पुढ्यात घेऊन बसले होते. पेन काढून ठेवलेलं. "भर वं माय. तारीख जवळ येऊन राहिली."

"हा मी नाई भरत, बाबा. मेडिकलचा भरीन. कोट्यातूनच भरीन."

"सर म्हनते, चांगल्या पोराची सीट जाते."

"ते सीट त्या पोराची नाई, बाबा. सरच्या घरचीबी नाई. ते आपली हाय."

"आन् नाई झालं तं?"

"पुढच्या साली परत बसीन. पन माह्यासाठी तुमी कोनापुढं हात नाई जोडाचे."

बाबा खूश झाले नाहीत. त्यांना भीती वाटत होती. मलाही वाटत होती. क्लास सुटला होता, परीक्षा तोंडावर होती आणि शिकवायला कुणी नव्हतं. पण काय करायचं ते आता मला स्पष्ट दिसत होतं. जे येत नाही ते सोडायचं. जे येतं त्यातला अर्धा मार्कही कुणाला कापू द्यायचा नाही. आणि माझे मार्क यापुढे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे नाहीत. पेपर माझ्या हातात पडल्याशिवाय मी बसणार नाही. कुठेच नाही.

बाबांनी पेन पुढे केलं. मी ते घेतलं, टोपण लावलं आणि नर्सिंगचा फॉर्म त्यांच्याकडे सरकवला. आमच्या घरात जाणूनबुजून कोरा ठेवलेला तो पहिला कागद.