लाल गाडीतले बोंबील

करंजाड्याच्या आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरच्या साहेबाने मला एकदा चारचौघांसमोर लिफ्टमधून उतरवलं. म्हणाला, "ताई, पाटीचा वास मारतो, जिन्याने जा." मी मासळी विकते, पाटीला काय अत्तराचा वास येणार?

त्याची लाल स्पोर्ट्स कार होती. दिसायला झकास, पण कधी बंद पडेल याचा नेम नाही. अर्ध्या सोसायटीने तिला धक्का मारलेला. त्याने ती विकायला काढली, तेव्हा कोणी घेईना. मी घेतली. नवरा म्हणाला, ही गाडी रडवणार. म्हटलं, मला तशीच हवीय. साहेब खूश, बाईच्या गळ्यात मारली म्हणून.

मोरा बंदरावरून ओले बोंबील भरून आणले आणि बरोबर त्याच्या खिडकीखाली गाडी बंद केली. बंद पडली म्हणून सांगितलं. त्या गाडीबद्दल कोणाला शंका येणार? दुपारच्या उन्हात वास वर पोचला. साहेब नाकाला रुमाल बांधून खाली आला आणि मुकाट्याने मागून ढकलायला लागला.

"ताई, हलतच नाही हो."

"जोर लावा," मी म्हटलं.

माझा पाय ब्रेकवर होता.