पुढचे नवे, मागचे तेच

मंडळी, आत्ताच गॅरेजवरून आलोय आणि डोकं फिरलंय.

आमचे दाजी द्राक्षबागायतदार. हरसूलकडचे मजूर बागेवर आणायला त्यांनी मोठी एसयूव्ही ठेवलीय. आज तिचे शॉकअप बदलायचे होते. दाजींनी अर्धा तास चौकशा करून सगळ्यात भारी निवडले. पण फक्त पुढचे दोन.

गॅरेजवाले अन्वरभाई म्हणाले, "शेठ, मागचे तर पार गेलेत. चारही टाका."

"मागं मजूर बसतात. त्यांना काय फरक पडतो?"

अन्वरभाईंनी पाना उचलला. पुढचे बसवले, ट्रायलला मला शेजारी घेतलं आणि दाजींना म्हणाले, "तुम्ही मागे बसा, आवाज येतो का ऐका." मग गाडी थेट खड्ड्यांच्या रस्त्याला घातली. दाजींचं डोकं तीनदा टपाला आपटलं. मला पुढे हसू आवरेना.

कंबर धरून दाजी उतरले. अन्वरभाईंनी विचारलं, "मग, मागचे टाकू ना?"

"कशाला? मी काय रोज मागं बसणार आहे?"

उद्या सकाळी त्याच गाडीने मजूर आणायला हरसूलला जायचंय. माझी जागा पुढे आहे. तुम्ही असता तर मागे बसला असता का?