बेडकाला अत्तर चालत नाही

हनीफभाईंच्या मुलीचा, रुखसारचा, फोन आला तेव्हा मी चाकणजवळच्या डबक्यात गुडघाभर चिखलात उभा होतो. "दादा, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. हातातला बेडूक निसटला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता हनीफभाई ओरडणार... दोन महिने उलटले, तरी त्या विचाराची लाज वाटते आणि हसूही येतं.

हनीफभाई तळवड्याचे मोटारसायकल मेकॅनिक. गॅरेज पुतण्याच्या हाती देऊन साठाव्या वर्षी ते आमच्या संस्थेत बेडूक मोजायला लागले. पावसाळाभर कारखान्यांच्या आसपासची डबकी, नाले, जुन्या खाणी पालथ्या घालायच्या, बेडूक धरायचा, मोजायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, हे आमचं काम. ते धरत, मी लिहीत. माझं अक्षर चांगलं आहे, असं कारण मी पहिल्याच दिवशी पुढे केलं होतं. खरं कारण म्हणजे मला बेडकाची भयंकर भीती वाटायची. दोन वर्षं मी ते झाकून ठेवलं, अशी आपली माझी समजूत होती.

बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, त्यामुळे धरणाऱ्याच्या हाताला साबण, तंबाखू, तेल, काहीच चालत नाही. हनीफभाईंनी चाळीस वर्षांचं ग्रीस राखेने घासून काढलं. पावसाळ्यात ईद आली तरी अत्तर लावेनात. "बायको म्हणती, ईद माझ्यासंगं हाय का बेडकासंगं?" हे ते मोठ्या कौतुकाने सांगत.

चाकणच्या एका कारखान्याला कुंपणाबाहेरचं ते डबकं बुजवून ट्रक उभे करायचे होते. तीन फेऱ्यांत एक जरी बेडूक मोजमापासह नोंदला गेला तर डबकं ठेवू, असं त्यांनी आमच्या संस्थेला लिहून दिलं होतं. दोन फेऱ्या कोरड्या गेल्या. तिसरी नेमकी रुखसारच्या लग्नाच्या दिवशी आली. निकाह लागला आणि वधूपिता भर पंगतीतून उठून, शेरवानीसकट, माझ्या स्कूटरवर मागे बसले.

डबक्याकाठी एका दगडाच्या आडोशाला गोल, फुगलेला, तपकिरी बेडूक बसला होता. मी सवयीने वही उघडली. हनीफभाई दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभे राहिले. "सुनीलराव, घोळ झाला. व्याह्यानं तळहाताला अत्तर चोळलं. तुमीच धरा."

"मग धुवा ना हात!"

"अत्तर हाय राव. नुसत्या पाण्यानं जातंय व्हय?"

"मी हातमोजे घालू?"

"त्याला पावडर असती."

बेडूक पाण्याकडे सरकायला लागला. पलीकडे कारखान्याचा सुपरवायझर घड्याळ बघत होता. मी डोळे मिटून झडप घातली, तर हातात दगड आला. "हळू! बेडूक हाय, बेअरिंग न्हाई!" दुसऱ्यांदा बेडूक सापडला आणि एक किंकाळी उठली... ती माझी. बेडूक नुसता माझ्या मनगटावर मुतला. हनीफभाईंनी पट्टी धरली, फोटो काढला. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत आणि बेडकाचे सताड उघडे. डबकं वाचलं.

परवा तळवड्याला त्यांच्या घरी गेलो. रुखसार माहेरी आली होती. तिला जरा हसवावं म्हणून मी व्याह्यांच्या अत्तराची ही गोष्ट सांगितली. ती हसली नाही. "दादा, माझ्या सासऱ्यांना अत्तराने दम लागतो. त्यांनी कुठलं लावलंय? निघताना अब्बांनीच एका पाहुण्याकडून मागून घेतलं. म्हणाले, सुनीलरावला भ्या वाटतं, त्याला आज धरायला लावतो. डॉक्टरनं मला लई पावसाळे सांगितलेले न्हाईत."

मला आधी संताप आला. ज्या डबक्यासाठी मुलीच्या लग्नातून उठून आले, ते या माणसाने माझ्यासारख्या भित्र्याच्या भरवशावर सोडलं! बेडूक निसटला असता म्हणजे? असं मी त्या बिचारीवरच ओरडलो आणि ओरडता ओरडता रडायला लागलो. तिने पाणी आणून दिलं.

आता थंडी पडायला लागली आहे. बेडूक जमिनीत गेले, कामही थांबलं. काल बायको म्हणाली, हात किती फुटलेत, निदान खोबरेल तरी लावा. मी नको म्हणालो.