कण कुठे ठेवू?

आमची सूनबाई घरात माझं एक ऐकत नाही, पण बाहेर तिच्या हातांकडे लोक डोळे लावून बसतात. ती खुणांच्या भाषेची दुभाषी आहे. नातीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्यासाठी म्हणून शिकायला लागली आणि तोच पेशा झाला. मी आपली मोडक्यातोडक्या खुणांवर निभावून नेते.

नातीला भौतिकशास्त्र शिकायचं होतं. कॉलेजचे प्राचार्य म्हणाले, "हा विषय हातवाऱ्यांनी कसा पोहोचणार? चित्रकला घेऊ दे." झालं, सूनबाई हट्टाला पेटली. शेवटी ठरलं, क्वांटमवरचं एक व्याख्यान तिने ऐकू न येणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचवून दाखवायचं. जमलं तर त्यांना विज्ञानाचा वर्ग खुला.

मीही जाऊन मागे बसले. मला काही कळणार नव्हतं, पण सून परीक्षा देणार आणि सासू घरी भाजी निवडणार, हे काही जमायचं नाही.

प्राध्यापक बोलत होते, सूनबाईचे हात चालले होते. कण इथे किंवा तिथे, हे सांगताना तिने दोन्ही मुठी मिटून दाखवल्या. कुठल्या मुठीत आहे ते ठाऊक नाही. मुलं माना डोलावत होती. प्राचार्यही खूश. जमलं बाई एकदाचं, असं मला वाटलं.

तेवढ्यात प्राध्यापक म्हणाले, "ठाऊक नाही असं नव्हे बरं का. मोजेपर्यंत त्याला ठरावीक जागाच नसते."

सूनबाईचे हात थांबले. "सर, मी मुलांना चुकीचं सांगितलंय," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "खुणांमध्ये वस्तू हवेत कुठेतरी ठेवावीच लागते. हा कण मी कुठे ठेवू?"

प्राचार्यांच्या कपाळावर आठ्या. घेतला हिने आपल्याच पायावर धोंडा मारून, मी मनात म्हटलं. गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण रेटून नेणं तिच्या रक्तातच नाही. आमटी खारट झाली तर वाढण्याआधी सांगते.

प्राध्यापक डोकं खाजवत राहिले. मग मुलांमध्ये बसलेल्या नातीने खुणेने विचारलं आणि सूनबाईने ते न संकोचता मोठ्याने सांगितलं, "तुम्हाला तरी कळलंय का?"

"गणित कळलंय, आणि ते प्रयोगात खरं उतरतं. आत नेमकं काय चाललंय, यावर मात्र आम्ही अजून भांडतोय."

सूनबाईने तेही जसंच्या तसं हातांनी सांगितलं, भांडणासकट. मुलं हसली.

"मग काय कळलं तुम्हाला?" प्राचार्यांनी मुलांना विचारलं.

नात उठून उभी राहिली आणि खुणा करू लागली. दुभाष्याने दुसऱ्याचं बोलणं 'मी' म्हणूनच बोलायचं, असा त्यांचा नियम आहे. सूनबाई बोलू लागली, "मला अर्धंच कळलं. पण जिथे कळत नाही तिथे हे सर तसं सांगतात, म्हणून माझा विश्वास बसला. उरलेलं अर्धं मी इथे येऊन शिकणार."

"माझंही अर्धंच शिकून झालंय," प्राध्यापक म्हणाले. "येऊ द्या हिला, आणि बाकीच्या मुलांनाही."

प्राचार्य हो म्हणाले. मला कुणी काही विचारलं नव्हतं, तरी शेजारच्या बाईंना सांगून टाकलं, "ती बोलतेय ना, ती माझी सून. आणि जिचं बोलतेय, ती माझी नात."